चटईखालची फरशी

मिस्त्रीणबाईंना स्वतःचं असं नाव होतं, पण इमारतीत ते कोणाला ठाऊक नव्हतं. नवरा फरश्या बसवणारा मिस्त्री, म्हणून त्या मिस्त्रीणबाई. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःच्या हातानं एकच फरशी बसवली, आणि तीही चोरून. त्या एका फरशीपायी त्या सव्वीस वर्षं स्वतःच्या घरात तिरक्या चालल्या. ही गोष्ट सांगायची तर आधी मिस्त्रींची सांगावी लागते. बायकांच्या गोष्टींचं बहुधा असंच असतं, आधी नवऱ्याची सांगून संपवावी लागते.

मिस्त्री चाळीस वर्षं लोकांच्या घरी गुडघे टेकून बसले. कामाला चोख आणि बोलायला फटकळ. इतर कारागीर फरशीच्या पाठीला सिमेंटच्या मालाचे पाच गोळे लावतात, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, वर दोन थापा मारतात की झालं. खाली सगळी पोकळी. मिस्त्रींना त्या पाच गोळ्यांचा भारी राग. जेवताना घास हातात धरून ते सांगायचे, "पाच गोळे लावतात आणि स्वतःला मिस्त्री म्हणवतात. फरशी आहे की लाडूचं ताट?" ते स्वतः खाली माल पूर्ण पसरायचे, मुंगी शिरायला जागा ठेवायचे नाहीत. "माझी फरशी काढायला माणूस नाही, भूकंप यावा लागेल," असं म्हणायचे. यात फुशारकी होती, पण थाप नव्हती.

घरात मात्र बरीच वर्षं साधा सिमेंटचा कोबा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. मग एका मोठ्या बंगल्याचं काम करताना मालकिणीचा रंगाबद्दलचा विचार बदलला आणि साईच्या रंगाच्या, आरशासारख्या फरश्यांचे खोके तसेच पडून राहिले. ते मिस्त्रींच्या घरी आले. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर झालं, आतल्या खोलीला काही पुरल्या नाहीत. तिथे कोबाच राहिला. अकरा फरश्या उरल्या, त्या खाटेखाली गेल्या. काम संपलं त्या संध्याकाळी मिस्त्री दारात पालथे झोपले आणि गाल जमिनीला लावून दिव्याचा उजेड फरशीवरून कसा सरळ जातो ते बघत राहिले. लग्नात नवरीकडे त्यांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, हे मिस्त्रीणबाई स्वतःच सांगायच्या.

पुढच्या महिन्यात मिस्त्रीणबाईंचा भाऊ आला आणि त्यानं लोखंडी ट्रंक दारातून आत ओढली. बोटभर ओरखडा उठला. मिस्त्री काही ओरडले नाहीत. त्यांनी मेव्हण्याला पोटभर जेवू घातलं, एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवलं, ट्रंक स्वतः वर चढवली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "आता पुन्हा येऊ नका." भाऊ चार वर्षं आला नाही. आरडाओरडा परवडला असता. ओरडणारा माणूस दमतो तरी.

हे सगळं ताजं असताना मिस्त्रींना बाहेरगावी तीन दिवसांचं काम लागलं. ते सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून गेले, आणि दुपारी मिस्त्रीणबाईंच्या ओल्या हातातून वरवंटा निसटला. आतल्या खोलीचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघराकडे निघालं की लगेच, वाटेच्या मधोमध एक फरशी आहे, तिच्यावर पडला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. पायावर पडला असता तर, असा विचार कोणाच्याही मनात आधी येईल. मिस्त्रीणबाईंच्या मनात आला तो असा, की पायावर पडला असता तर बरं झालं असतं.

मुलगी शाळेतून यायच्या आत त्यांनी नवऱ्याची जुनी छिन्नी काढली. ती एक फरशी फोडून काढायला त्यांना दीड दिवस लागला, मुलगी घरात असली की वर पोतं टाकून थांबायच्या. नवरा कसं काम करतो ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यांनी त्याला मनातल्या मनात मनसोक्त शिव्या घातल्या. खाटेखालून एक फरशी काढली, गच्चीवरच्या अर्ध्या गोणीतलं सिमेंट आणलं, हातानंच कालवलं. आणि पाच गोळे लावले. मिस्त्री ज्या पाच गोळ्यांना नावं ठेवत आले, ती एकच पद्धत बाईंना ऐकून ऐकून तोंडपाठ होती. बरोबर कसं करायचं ते त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांची कातडी सोलून निघाली. फरशी दिसायला बरी बसली होती, पण टाच पडली की "बद्द" असा आवाज यायचा. इथेच घोडं पेंड खात होतं. त्यांनी तिच्यावर एक चटई टाकली. मिस्त्री परत आले, जेवले, झोपले. काही बोलले नाहीत. मिस्त्रीणबाई त्या रात्री देवाचे आभार मानून झोपल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठ सव्वीस वर्षं झाकून ठेवायची तर हात भरून येतो. रोज फरशी पुसताना चटई उचलायची, खाली हलकेच फडकं फिरवायचं, पुन्हा तश्शीच ठेवायची. आतून स्वयंपाकघरात जाताना सरळ न जाता डाव्या अंगानं तिरकं जायचं. हातात उकळतं दूध असो की काखेत शेजारणीचं पोर, पाय आपसूक डावीकडे. पाहुण्यांच्या मुलांनी तिथे उड्या मारल्या की मिस्त्रीणबाई त्यांना खाऊच्या डब्याकडे बोलवायच्या. मुलगी मोठी झाली, चेष्टा करायला लागली, "आई, ही चटई काय मेल्यावर बरोबर नेणार आहेस का?" चटया झिजल्या, बदलल्या. जागा तीच. मुलगी लग्न होऊन दूर गेली, मिस्त्रींनी काम सोडलं आणि ते दिवसभर घरात बसायला लागले, तेव्हा तर बाईंना घरात मोकळा श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चटईची कड दुमडली होती, बाईंचा पाय तिच्यात अडकला आणि गुळगुळीत फरशीवरून चटई सरकली. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली. दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवर घरी आणलं, तेव्हा बाईंनी सर्वांत आधी पाहिलं ते चटईकडे. ती आपल्या जागी, चारही कडा सरळ करून, व्यवस्थित अंथरलेली होती. शेजारणीनं घातली असेल असं त्यांना वाटलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ज्या चटईनं पाय मोडला तीच बघून सुटल्यासारखं वाटावं, हे आपलं काहीतरी भलतंच झालंय, हेही त्यांना त्या क्षणी कळलं.

वॉकर आला. आतल्या खोलीच्या कोब्यावर तो चांगला चालायचा. उंबरा ओलांडून बाहेरच्या फरशीवर टेकवला की पुढचे दोन पाय सुर्रकन पुढे. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मागून धरलं म्हणून निभावलं. त्यानंतर मिस्त्रीणबाई आतच.

आत म्हणजे नऊ पावलं लांब आणि सात पावलं रुंद. एक खाट, एक कपाट, बैठकीला भोक पाडलेली खुर्ची आणि तिच्याखाली भांडं. ते भांडं मिस्त्री न्यायचे, धुऊन आणायचे, आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून उतरणारा एक नळ. नळाच्या सांध्याखालचा हिरवा डाग चार महिन्यांत खिडकीच्या गजापर्यंत उतरला. ओटा इथून पंधरा पावलांवर होता. रोज दूध उतू जायचं, वास यायचा, त्या ओरडायच्या, "अहो, दूध," आणि मिस्त्री जाऊन पोचेपर्यंत अर्धं खाली. आपल्याच घरातलं आपलंच दूध, आणि नाकानं तेवढं कळायचं. जिन्यात बायका थांबून बोलायच्या, त्यातले निम्मे शब्द दाराशीच राहायचे. कधी कधी त्यांना वाटायचं, उठून हा उंबरा ओलांडावा, मोडू दे दुसराही पाय.

व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायची. तरुण, कामाशी काम ठेवणारी. तिनं एक दिवस मिस्त्रींना समोर उभं केलं. "आजोबा, या खोलीत चालून काही होत नाही. महिनाभर अजून अशाच बसल्या तर सांधा धरेल. मग कायमच्या खाटेवर. ही फरशी तरी काढा, नाहीतर आजींची आशा तरी सोडा."

"रबराची पट्टी घातली तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"पट्टीत वॉकर अडकतो. पडल्यात ना एकदा?"

मिस्त्री रात्रभर जागे होते हे त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं. सकाळी त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी उतरवली. मिस्त्रीणबाईंनी तो आवाज ऐकला आणि त्यांना एकदम दोन गोष्टी वाटल्या. एक, की आता आपण सुटणार. आणि दुसरी, की आता आपण सापडणार.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी बाहेरच्या दारापासून सुरुवात केली. मधल्या सांध्यातला माल छिन्नीनं कोरला, मग हातोडा. नखाएवढे तुकडे उडाले. फरशीचा वरचा पापुद्रा निघे, खालचा मालाला धरून बसे. शेजारच्या फरशीखाली छिन्नी घालावी तर शिरायला फट नाही. संध्याकाळपर्यंत दोन फरश्या निघाल्या, आणि त्याही तुकड्या-तुकड्यांनी. दुसऱ्या दिवशी दीड. मिस्त्रींचं वय सत्तरीला टेकलेलं, मनगट सुजून वांग्याएवढं झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कोणाकडे? फोडायचं मशीन आणावं तर खालच्या मजल्यावरचे शिंपी तिसऱ्या दिवशी स्वतःच वर आले. त्यांच्या छताचा गिलावा नुसत्या हातोड्यानं कपड्यांवर पडत होता. माणूस सज्जन, हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, मशीन लावलंत तर छत माझ्या डोक्यावर येईल हो."

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी हातोडा उलटा धरला आणि लाकडी दांड्यानं फरश्या वाजवायला सुरुवात केली. कुठे पोकळ लागली तर तिथून सुरुवात करता येते. खाली फट मिळाली की शेजारच्या फरश्या पहारीनं उचलतात. त्या वाजवण्याचा अर्थ मिस्त्रीणबाईंना चांगला माहीत होता. त्या खाटेवर बसून होत्या, उघड्या दारातून बाहेरच्या खोलीचा एक पट्टा दिसत होता आणि त्या पट्ट्यात चटई.

टण. टण. टण. भरीव. दारापासून खिडकीपर्यंत एक रांग झाली. मग दुसरी. आवाज जवळ येत होता. बाईंनी चादरीचा कोपरा मुठीत धरला. सांगावं का आधीच? शब्द ओठांशी आले आणि तिथेच बसले, सव्वीस वर्षं बसले होते तसे. टण. टण. मिस्त्री गुडघ्यांवर सरकत चटईपाशी आले. दांडा उचललेला होता. तो तसाच उचललेला ठेवून ते चटईला वळसा घालून पुढे सरकले आणि पलीकडची फरशी इतकी हलकेच वाजवली की आवाज बाईंपर्यंत पोचलाच नाही.

बाईंना वाटलं, दमलेत, राहिलं असेल.

दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्रींनी पुन्हा सगळी खोली वाजवली, या वेळी आडव्या रांगांनी. पुन्हा चटईपाशी दांडा वर गेला, आणि गुडघे डावीकडून तिरके निघाले. अगदी बाईंचीच वाट. तीच वळणाची जागा, तितकंच अंतर.

ते उंबऱ्यापाशी येऊन बसले. भिंतीला पाठ टेकली. "नाही गं होत माझ्याच्यानं," ते म्हणाले. "कुठेच पोकळ नाही. हात टेकले मी."

"सगळ्या वाजवल्यात?"

"सगळ्या."

मिस्त्रीणबाई नवऱ्याच्या डोक्यावरच्या चुऱ्याकडे बघत राहिल्या. केस पांढरे होते की चुरा होता, सांगता येत नव्हतं. "चटईखालची?" त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी मांडीवरचा चुरा झटकला.

"अहो, मी काय विचारते?"

"ती नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना."

"तुम्हाला माहीत आहे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "कधीपासून?"

मिस्त्रींनी सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "आलो त्याच दिवशी. चटईवर पाय पडला तेव्हाच टाचेला कळलं. खाटेखाली बघितलं, अकराच्या दहा. मग तू जेवायला वाढत होतीस तेव्हा हात बघितले. कपड्यांचा सोडा लागला म्हणालीस."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? बायको मला सांगायच्या ऐवजी सिमेंटमध्ये हात घालते. म्हणजे मी कसला माणूस झालो. लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू. मग किती वर्षं गेली, ते आता काय काढायचं."

खरं तर इथे मिस्त्रीणबाईंना भरून यायला हवं होतं. नवऱ्यानं इतकी वर्षं आपली चूक पोटात ठेवली, एका शब्दानं दुखवलं नाही, शेजारणींना सांगितलं असतं तर त्यांनी डोळे पुसले असते. पण बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका राग त्यांना लग्नापासून आला नव्हता, आणि आला असेल तर तोही याच चटईखाली सरकवला असेल.

"मी सव्वीस वर्षं तिरकी चालले," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघत होतात?"

"बघत होतो."

"रोज?"

"रोज."

"आणि दवाखान्यातून आले तेव्हा ती परत कोणी घातली?"

"मीच. तुला दिसली नसती तर तू घाबरली असतीस."

बाई सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा ओरडला असतात ना, तर मी रडले असते. चार दिवस. मग ती चटई नसती. चटई नसती तर मी पडले नसते. तुमच्या लाजेनं माझा पाय मोडला."

चाळीस वर्षांत मिस्त्रींनी एकही सांधा उघडा सोडला नव्हता, आणि इथे हा केवढा तरी.

"खुर्ची आणा," बाई म्हणाल्या. "उंबऱ्यात ठेवा. आणि हातोडा द्या."

"अगं, तुला झेपायचं नाही. मी मारतो."

"माझी फरशी आहे."

मिस्त्रींनी खुर्ची आणली. चटई गुंडाळून बाजूला ठेवली. बाई खुर्चीच्या कडेला आल्या, मोडलेला पाय लांब केला, दोन्ही हातांनी हातोडा धरला आणि खाली सोडला. जोर असा काही लागलाच नाही. फरशीचे चार तुकडे झाले.

मिस्त्रींनी एक तुकडा उचलून उलटा केला. पाठीला मालाचा गोळा चिकटलेला होता, आणि त्यात तीन बोटं उमटलेली होती, बाजूला बांगडीची अर्धी कड. ते त्यावर अंगठा फिरवत राहिले. "पाच लावलेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगायचात रोज."

मग काम भराभर झालं. बाईंनी सांधा नीट भरलाच नव्हता, त्यामुळे सव्वीस वर्षं फरशी पुसायचं पाणी त्या फटीतून खाली उतरत गेलं होतं आणि आजूबाजूच्या, पार स्वयंपाकघरापर्यंतच्या फरश्या खालून सुटत आल्या होत्या. पहार घातली की अख्ख्या उचलत होत्या. मिस्त्रींनी एवढी रांग दोनदा वाजवली होती, ती पोकळ लागली असणारच. तरी म्हणाले होते, कुठेच पोकळ नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्या दिवशी त्या नवऱ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत दोन फरश्यांच्या रुंदीचा खडबडीत, करडा पट्टा मोकळा झाला.

सकाळी व्यायामाची बाई आली. पट्ट्यावर चप्पल घासून बघितली, खूश झाली. "चला आजी. आज ओटा."

वॉकर उंबऱ्याबाहेर टेकला आणि तिथेच घट्ट राहिला. एक पाऊल. दुसरं. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, मनगटाला फडकं बांधलेलं. चार महिन्यांनी मिस्त्रीणबाईंना बाहेरच्या खोलीतला उजेड दिसत होता, दाराबाहेर कोणीतरी जिना उतरत होतं, सगळं समोर सरळ होतं. तिसऱ्या पावलाला वॉकर डावीकडे वळला आणि पट्टा सोडून गुळगुळीत फरशीवर गेला.

"अहो, अहो, सरळ," व्यायामाच्या बाईनं दंड धरला. "समोर काही नाहीये आजी. सरळ चला."

मिस्त्रीणबाईंनी खाली पाहिलं. फरशी नव्हती, चटई नव्हती, नुसता खरखरीत माल होता. त्या मागे आल्या, पुन्हा निघाल्या. तिसऱ्या पावलाला पाय तिरकाच पडला.

"राहू द्या," मिस्त्री दारातून हळूच म्हणाले. "ती तिथून तशीच जाते."

मिस्त्रीणबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्यामागे ओट्यावर दूध वर येत होतं.

"दूध बघा," त्या म्हणाल्या, आणि वॉकर उचलून तिसऱ्यांदा निघायला मागे आल्या.